पहिल्या हाकेची ओ

लेबर वीकेंडच्या, म्हणजे ऑक्टोबरातल्या जोडसुट्टीच्या, आदल्या दिवशी परेश ऑफिसातून लवकर निघाला आणि प्रवासासाठी दूध-ब्रेड घ्यायला कोपऱ्यावरच्या डेअरीत शिरला. न्यूझीलंडमध्ये डेअरी म्हणजे किरकोळ सामानाचं दुकान. हे ठाऊक नसल्यामुळे त्याचे वडील, नीलकंठअप्पा, इथं अप्पर हट गावी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी तिथं हातात किटली घेऊन उभे राहिले होते. दुकानदार अजून परेशकडे त्या किटलीची चौकशी करायचा. हसून, प्रेमानंच करायचा. पण परेशचे कान तापायचे.

परेशला वडिलांची लाज वाटायची, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मुलगा वाईट नव्हता. अप्पांच्या गोळ्या, गुडघ्याचं तेल, लोकरीचा कोट, कशालाही त्यानं कमी पडू दिलं नव्हतं. चारचौघांत मात्र तो त्यांच्यापासून दोन पावलं पुढे चालायचा. अप्पा भर बाजारात कानटोपी घालत, मोज्यांवर जँडल्स, म्हणजे तिकडच्या रबरी चपला, चढवत, दिसेल त्याला 'किया ओरा' असा माओरी नमस्कार करत आणि उत्तर मिळेपर्यंत जागचे हलत नसत. हे सगळंही त्यानं चालवून घेतलं असतं. त्याच्याच्यानं सोसवत नव्हता तो त्यांचा आवाज.

अप्पांचा जन्म गेला कोरेगावच्या एसटी स्टँडवर गाड्या पुकारण्यात. स्टँडवरचा माइक सदा बिघडलेला, तेव्हा 'पुसेगाव, दहिवडी, म्हसवड' अप्पा नुसत्या घशावर पुकारायचे, आणि पार रस्त्यापलीकडच्या हॉटेलात बसलेली माणसं चहा टाकून धावत सुटायची. तोच आवाज आता अप्पर हटच्या झोपाळू गल्लीत घुमे. "परश्याऽऽऽ!" शेजारची कुत्री भुंकायला लागत.

हाक मारली की ओ द्यायची, आणि पहिल्या हाकेला द्यायची, ही घरातली जुनी शिस्त. लहानपणी परेश खेळ टाकून, लांबलचक "ओऽऽ" देत धावत यायचा. अप्पा म्हणायचे, "ओ दिली नाही तर हाक मोकाट सुटते रे. मग ती कुणीही उचलतं." फक्त रात्री, दाराबाहेरून अनोळखी आवाजानं नाव घेतलं तर तिसऱ्या हाकेपर्यंत गप्प राहायचं, एवढीच त्याला सूट होती. आता परेश ओ द्यायचा ती पुटपुटत, इकडेतिकडे बघत.

अप्पा आल्यापासून आणखी एक गोष्ट राहून चालली होती. परेशची आई, सुमती, दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हा परेशचे रेसिडेन्सीचे कागद अडकलेले होते. तो पोचला तोवर सगळं आटोपलं होतं, आणि घरभर माणसं असल्यामुळे अप्पांशी निवांत बोलणंही झालं नाही. अप्पा म्हणत, "परश्या, तुझ्या आईनं जाताना तुझ्यासाठी एक सांगून ठेवलंय. फोनवर सांगण्यातलं नाही ते. एकदा निवांत बस माझ्याजवळ." परेश निवांत बसतच नव्हता. आईचे शेवटचे शब्द त्याला हवे होते, अगदी जीव तुटून हवे होते. पण त्या शब्दांत 'तू आला नाहीस' असं काही निघालं तर पुढे जगायचं कसं, या धास्तीनं तो आज नको, उद्या बघू करत होता.

अशात प्रसन्ननं सहलीची टूम काढली. प्रसन्न ऑफिसात परेशच्या एक पायरी वर. तो आणि त्याची बायको राजश्री नुकतेच स्पेन बघून आले होते आणि तेव्हापासून दर वाक्यात तिथलं सेव्हिया शहर होतं. "स्पेनला नेईन तुम्हाला कधीतरी," प्रसन्न म्हणाला, "तोवर आपलं घरचं स्पेन बघा. हेस्टिंग्ज! एकोणीसशे एकतीसच्या भूकंपात सगळं गाव पडलं, आणि उभं केलं ते स्पॅनिश पद्धतीनं. कमानी, लाल कौलं, हीप्स ऑफ इट. राहायला पण एक स्पॅनिश घरच बघितलंय."

अप्पांना मागे ठेवणं शक्य नव्हतं. त्यांनी फोडणी टाकली की धुराचा अलार्म कोकलायचा आणि अप्पा भिऊन रस्त्यावर जाऊन उभे राहायचे. "त्यांना आणतोयस? स्वीट ॲज, उत्तमच!" प्रसन्न म्हणाला खरा, पण म्हणण्याआधी क्षणभर थांबला. तो क्षण परेशच्या मनात रुतून बसला.

रिमुटाकाचा घाट चढून, मेंढ्यांची कुरणं मागे टाकत ते हेस्टिंग्जबाहेरच्या त्या घरी पोचले तेव्हा ऊन कलतं झालं होतं. सफरचंदांच्या बागेत एकटंच उभं असलेलं पिवळट चुन्याचं घर. समोर कमानींची ओवरी, मागं फरसबंद चौक. भिंती अशा जाड की आत पाऊल टाकताच बाहेरचा वारा ऐकू येईनासा झाला. बागेत मोहोर धरला होता, त्याचा गोडसर वास. आणि त्या वासाखाली दुसरा एक, ओल्या चुन्याचा, आजच कुणी भिंत सारवली असावी असा.

"अरे, ही तर आपली मामलेदार कचेरी!" अप्पा मोठ्यानं म्हणाले. राजश्री हसली. परेश बॅगा काढण्यात गुंतल्यासारखा डिकीत वाकला.

घराची मालकीण, कॉलीन नावाची सत्तरीची बाई, खोल्या दाखवता दाखवता म्हणाली, "एकच सांगते. इथं कुणी तुम्हाला हाक मारली तर उत्तर द्या. लगेच द्या."

"भिंती जाड आहेत म्हणून?" ममतानं, परेशच्या बायकोनं, विचारलं.

"हो, भिंती जाड आहेत," कॉलीन म्हणाली. मग तिनं नवऱ्याला हाक मारली, आणि बागेच्या पार टोकाकडून तो म्हातारा घाईघाईनं ओरडला, "हिअर!" प्रसन्नला फार मजा वाटली. "मिलिटरी आहे की काय घरात," तो म्हणाला.

शनिवार गावात गेला. प्रसन्न प्रत्येक कमानीखाली उभा राहून खरं सेव्हिया कसं असतं ते सांगत होता. अप्पा एका नक्षीदार खांबावर हात फिरवून म्हणाले, "पडलेलं गाव पुन्हा उभं करायचं तर माणसाला परक्या देशाची आठवण येते, बघ." ते खरं तर छान बोलले होते. पण ते एसटीच्या आवाजात बोलले, आणि कॅफेतल्या माना वळल्या. परेशनं त्यांच्या बाहीला धरून त्यांना पुढं ढकललं. अप्पांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि दिवसभर ते आवाज दाबून बोलत राहिले. त्यांचा दबका आवाज परेशला ओळखीचा वाटेना. खोकल्यासारखा येत होता तो.

संध्याकाळी कॉलीननं चौकात टेबल मांडलं. दुसरेही पाहुणे होते, वाइनच्या धंद्यातलं एक जोडपं. प्रसन्ननं त्यांच्याशी लगेच सूत जमवलं. अप्पा म्हणाले, "तुम्ही बसा, मी बागेत फिरून येतो. परश्या, तू ये थोड्या वेळानं. आज सांगूनच टाकतो ते."

"येतो, अप्पा," परेश म्हणाला, आणि गेला नाही.

तिन्हीसांज झाली. ऑक्टोबरातला तिकडचा उजेड रेंगाळतो. आभाळ उजळ असतं आणि झाडांखाली काळोख साचू लागलेला असतो. वाइनवाला प्रसन्नला त्याच्या टीमविषयी विचारत होता, प्रसन्न परेशकडे बोट दाखवून "आमचा स्टार" म्हणत होता, परेश ग्लास हातात धरून सुखावत होता. नेमकी तेव्हा बागेतून हाक आली.

"परश्याऽऽऽ!"

सगळे थांबले. वाइनवाल्याची बायको दचकून हसली. "कसला आवाज आहे हा? एखादं जनावर आहे का?"

परेशनं सांगायला हवं होतं, माझे वडील आहेत. त्यानं खांदे उडवले आणि ग्लास तोंडाला लावला.

"परश्या, अरे ओ दे की... परश्याऽऽ!"

या दुसऱ्या हाकेत काकुळती होती. ममता आत जेवणाची भांडी आणायला गेली होती. राजश्री परेशकडे बघत होती. त्यानं नजर खाली घातली. तो बसूनच राहिला.

मग ओ आली.

कमानींच्या ओवरीतून आली. लांबलचक, पळता पळता दिलेली. "ओऽऽ..."

चौकात चुन्याचा वास दाटला. वाइनवाला म्हणाला, "चला, सापडला एकदाचा." बोलणं पुन्हा सुरू झालं. परेशच्या हातातला ग्लास मात्र तसाच राहिला. ती ओ त्याची होती. आजची, पुटपुटलेली नव्हे. कोरेगावच्या घरात, खेळ टाकून धावत सुटताना तो द्यायचा ती.

बऱ्याच वेळानं ममता भांडी घेऊन आली. "मघाशी अप्पा हाका मारत होते ना? बरं झालं ओ दिलीस. मला वाटलं लोकांसमोर देतोयस की नाही."

"मी..." परेश म्हणाला, आणि थांबला. मग उठला. चालत गेला, झाडांआड गेल्यावर धावला.

बागेच्या टोकाला एक बसकं बाक होतं. अप्पा बाकाशेजारी उभे होते, झाडाच्या खोडाला टेकून. कानटोपी हातात होती. चेहरा असा शांत होता की परेशनं तो आईच्या आजारपणानंतर तसा पाहिलाच नव्हता.

"काय झालं, अप्पा?"

"पुन्हा आलास होय? अरे, गुडघा धरला होता, बाकावरनं उठता येईना. तू हात दिलास म्हणून उठलो." त्यांनी परेशचा हात चाचपला. "आता ऊब आलीय. मघाशी किती गार होता रे. आणि हे काय खरखरीत लागलं होतं बोटांना?"

अप्पांच्या तळव्यावर पांढरी भुकटी होती.

"एक बरं झालं," अप्पा म्हणाले. "सांगून टाकलं. दोन वर्षं छातीवर धोंडा होता. तुझ्या आईचे शब्द जसेच्या तसे सांगितले, एक इकडचा तिकडे केला नाही. आणि तू किती रडलास रे पोरा. मला वाटलं नव्हतं आईसाठी तुझ्या डोळ्यांत एवढं पाणी असेल."

झाडांत वारा नव्हता. तरी मोहोराच्या पाकळ्या एकेक करून गळत होत्या.

इथं परेशला एकच वाक्य बोलायचं होतं. अप्पा, तो मी नव्हतो. पण ते बोललं की पुढचं आलंच: मग तू का नाही ओ दिलीस? त्या माणसांपुढे तुला बाप म्हणायची लाज वाटली ना? आणि समोर अप्पांचा तो निवलेला चेहरा.

"हो, अप्पा," तो म्हणाला. "मीच होतो."

बागेच्या काळोखात कुणीतरी हलकेच श्वास सोडला. निदान परेशला तसं वाटलं. लाजेपायी त्यानं तेव्हा आपलं नाव दुसऱ्याच्या हवाली केलं होतं. पण हे त्याला कळायला वेळ लागायचा होता.

खोलीत आल्यावर ममतानं राजश्रीकडून ऐकलेलं विचारलंच. "दोन हाका होईपर्यंत गप्प का बसलास?"

"तिन्हीसांजेला तिसऱ्या हाकेपर्यंत ओ देऊ नये. त्यांनीच शिकवलंय."

"अनोळखी आवाजाला, परेश," ममता म्हणाली. "बापाचा आवाज अनोळखी असतो का?" ती कूस बदलून झोपली. परेशला त्या रात्री उशी बोचत राहिली.

सकाळी त्यानं कॉलीनला एकटीला गाठून विचारलं, काल संध्याकाळी बागेत आणखी कुणी होतं का. तिनं हातातला टॉवेल घडी करून ठेवला.

"तुम्ही उत्तर दिलं नाहीत," ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली.

मग तिनं सांगितलं. भूकंपात इथलं जुनं घर पडलं तेव्हा तिच्या नवऱ्याचा काका आत अडकला, विशीतला तरुण. त्याचा बाप ढिगाऱ्यावर उभा राहून त्याला हाका मारत होता. दुपारभर खालून उत्तर येत होतं. बाप हाक मारी, मग सगळ्यांना गप्प करी, आणि विटाचुन्याखालून आवाज येई. संध्याकाळी येईनासा झाला. बाप मात्र हाका मारायचा थांबला नाही. नवं घर बांधलं, कमानी उभ्या राहिल्या, तरी रोज संध्याकाळी त्याच वेळेला तो बागेत जाऊन हाक मारायचा. "शेवटी शेवटी खूश असायचे," कॉलीन म्हणाली. "म्हणायचे, आता तो बोलतो."

"मग तो... वाईट आहे का?"

"वाईट?" ती बाई खिडकीतून बागेकडे बघत राहिली. "त्याला फक्त कुणीतरी बोलावलेलं हवं असतं."

परतीच्या वाटेवर अप्पा मागच्या सीटवर पार दाराला चिकटून बसले. मधली जागा मोकळी होती. ममतानं तिथं बॅग ठेवली, तर अप्पांनी ती उचलून मांडीवर घेतली. "अडचण होते," एवढंच म्हणाले. गाडीत ओल्या चुन्याचा वास होता. परेशनं काच खाली केली. पार घाट उतरेपर्यंत त्यानं आरशात पाहिलं नाही.

त्यानंतर अप्पांनी परेशला हाक मारणं सोडलं.

म्हणजे घरात हाक ऐकू यायची. अप्पा मागच्या अंगणात बसलेले असत, "परश्या" म्हणत, आणि परेश लॅपटॉप टाकून, अगदी शेजाऱ्यांदेखत, मोठ्यानं "ओ" देत धावे. आता त्याला कसलीही भीड उरली नव्हती. पण तो पोचेपर्यंत अप्पांचं बोलणं चालू झालेलं असे, हळू आवाजात, हसून. त्याला बघितलं की गप्प होत. "काही हवंय का, अप्पा?" "नाही, काही नाही." ममताला यात काही वावगं दिसेना. "म्हातारपणी बोलतात माणसं स्वतःशी," ती म्हणायची. पण अप्पा स्वतःशी बोलत नव्हते. ते मधेच थांबत, ऐकून घेत, मान डोलवत.

परेशला आईचे शब्द हवे होते. त्या झाडाखाली त्याच्या वाटचं काय बोललं गेलं, कशानं त्याला एवढं रडू आलं? काम करताना, ट्रेनमध्ये, आंघोळ करताना तो तेच घोकत असायचा. विचारायची सोय नव्हती. आपण ऐकलंय, असं त्यानंच सांगितलं होतं.

डिसेंबरात अप्पांच्या परतीचं तिकीट होतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी परेशनं मनाचा हिय्या केला. अप्पा खोलीत बॅग भरून, दोरी बांधून, पलंगावर बसले होते. बाहेर अजून लख्ख उजेड होता. परेश त्यांच्या पायाशी जमिनीवर बसला. दोन वर्षं न आलेलं रडू आता आलं.

"अप्पा, मी खोटं बोललो. त्या संध्याकाळी बागेत मी नव्हतो. तुमची हाक मी ऐकली होती. दोन्ही हाका. मला त्या लोकांसमोर लाज वाटली, तुमची. म्हणून ओ दिली नाही. जो आला तो मी नव्हतो, अप्पा." त्यानं त्यांचे गुडघे धरले. "आई काय म्हणाली होती? एकदा... मला एकदा सांगा."

अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. लग्नघरी आलेल्या अनोळखी पाहुण्याकडे बघतात, तसे ते बघत होते.

"तो म्हणाला होता मला," अप्पा हळूच म्हणाले. "घरी गेलात की एक जण येईल. दिसायला माझ्यासारखाच असेल. रडेल. म्हणेल, बागेत होता तो मी नव्हतो. त्याला काही सांगू नका."

"अप्पा... मी परेश आहे. तुमचा परश्या."

अप्पांनी आपल्या गुडघ्यांवरचे त्याचे हात अलगद सोडवले आणि बाजूला ठेवले. मग जरा सरकून त्यांनी पलंगावर जागा केली.

"खाली कशाला बसलात? वर बसा तुम्ही," ते म्हणाले.

तुम्ही. जन्मात त्याच्या बापानं त्याला तुम्ही म्हटलं नव्हतं.

"चहा घेणार? थांबा, परश्याला सांगतो." आणि अप्पांनी दाराकडे तोंड करून हाक मारली, स्टँडवरच्या त्या जुन्या, मोकळ्या आवाजात. "परश्याऽऽऽ!"

परेशनं ओ द्यायला तोंड उघडलं. सगळा जीव गोळा करून उघडलं.

पण ओ आधीच आली होती. मागच्या दाराकडून, लांबलचक, पळता पळता दिलेली. पॅसेजमध्ये पावलं वाजली, चुन्याचा वास खोलीत शिरला, आणि अप्पांचा चेहरा, परेशच्या खांद्यावरून दाराकडे बघताना, असा उजळला की तसा तो परेशसाठी कधी उजळलेला त्याला आठवेना.

"आलास?" अप्पा म्हणाले. "बघ, हे आलेत. तू सांगितलं होतंस ते."

परेशनं मागे वळून पाहिलं नाही. दारात जो उभा होता त्याला दाखवायला त्याच्याकडे तोंड उरलं नव्हतं.